कार्बन डायऑक्साइडपासून रसायने : नॅनोउत्प्रेरकांचे काम आणि त्यांच्या मर्यादा

कार्बन डायऑक्साइड ही कार्बनची राख आहे. लाकूड, कोळसा, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस यांपैकी काहीही जाळले तरी त्यातला कार्बन अखेर याच वायूच्या रूपात उरतो आणि राखेसारखाच पुन्हा पेटायला राजी नसतो. त्याच्या रेणूची रचना अगदी साधी आहे. मध्ये कार्बनचा एक अणू, दोन अंगांना ऑक्सिजनचे दोन आणि तिघेही एका सरळ रेषेत. दोन्ही बंध तोडून हे तीन अणू सुटे करायचे तर मोलमागे सुमारे १,६०० किलोज्यूल ऊर्जा लागते. मूलद्रव्यांपासून हा वायू तयार होताना मोलमागे ३९४ किलोज्यूल मुक्त ऊर्जा बाहेर पडते. द्रवरूप मिथेनॉलसाठी हाच आकडा सुमारे १६६ आहे आणि मिथेनसाठी अवघा ५१. या तीन आकड्यांतला फरक या विषयाच्या मुळाशी आहे. धुरातल्या कार्बनपासून इंधन किंवा रसायन बनवायचे म्हणजे जळताना निघून गेलेली ऊर्जा कुठून तरी आणून त्यात परत भरायची. ती किती भरावी लागेल हे ऊष्मागतिकीच्या नियमांनी ठरलेले आहे. उत्प्रेरक कितीही चांगला असला तरी त्या हिशेबातला एक किलोज्यूलही तो कमी करू शकत नाही.

तरीही जगभरच्या प्रयोगशाळा गेली काही दशके या रेणूच्या मागे लागल्या आहेत, त्याची कारणे दोन. पहिले सर्वांना ठाऊक आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये या वायूचे सुमारे २८० रेणू होते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आता ४२० च्या पुढे गेले आहेत. खनिज इंधनांतून आणि सिमेंटच्या भट्ट्यांतून वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. दुसरे कारण कमी बोलले जाते, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेच अधिक टिकाऊ आहे. विजेसाठी कोळशाला ऊन आणि वारा हे पर्याय आहेत. प्लास्टिक, कृत्रिम धागे, रंग, द्रावके आणि औषधे यांना मात्र कार्बनच लागतो. सौर पॅनेलमधून वीज निघते, इथिलीन निघत नाही. उद्या साऱ्या गाड्या विजेवर धावू लागल्या तरी औषधाच्या गोळीतला कार्बन कुठून तरी आणावाच लागेल, आणि आज तो जवळजवळ सगळा जमिनीखालच्या तेलातून, वायूतून आणि कोळशातून येतो.

या वायूचा कारखान्यातला वापर मुळीच नवा नाही. एकोणिसाव्या शतकात हेरमान कोल्बे आणि त्यांच्यानंतर रुडॉल्फ श्मिट यांनी सोडियम फिनॉक्साइडवर दाबाखाली कार्बन डायऑक्साइड सोडून सॅलिसिलिक आम्ल बनवण्याची रीत बसवली. अ‍ॅस्पिरिनचा पाया तीच रीत आहे. सर्वांत मोठा वापर मात्र युरियाचा. जगभरात वर्षाला सुमारे १३ कोटी टन कार्बन डायऑक्साइड युरियात जातो. अलिबागजवळच्या थळ येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात हेच चालते. नैसर्गिक वायूपासून अमोनिया बनवताना जो कार्बन डायऑक्साइड वेगळा निघतो, तोच पुढे अमोनियाशी जोडून युरियाचे दाणे तयार होतात. यात दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. हा कार्बन मुळात जमिनीखालून आलेल्या वायूतलाच आहे. शिवाय युरिया शेतात पडला की मातीतले युरिएज हे विकर त्याचे विघटन करते आणि कार्बन डायऑक्साइड थोड्याच दिवसांत पुन्हा मोकळा होतो. वापर झाला म्हणजे साठवण झाली असे नाही, आणि या विषयावरच्या उत्साही लिखाणात नेमकी हीच गल्लत वारंवार आढळते.

युरियात कार्बनला हायड्रोजन मिळत नाही. त्याची ऑक्सिडीकरण अवस्था अधिक चारच राहते. म्हणूनच ही प्रक्रिया तुलनेने सोपी आहे. खरी अवघड वाट क्षपणाची आहे, म्हणजे कार्बनला इलेक्ट्रॉन देऊन त्याची अवस्था खाली आणण्याची. कार्बन मोनॉक्साइड किंवा फॉर्मिक आम्ल मिळवायला रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन पुरतात. मिथेनॉलला सहा, मिथेनला आठ, तर इथिलीन आणि इथेनॉल यांना बारा लागतात. या यादीत जितके पुढे जावे तितके मधले टप्पे वाढतात आणि प्रत्येक टप्प्यावर वाट चुकण्याची शक्यताही वाढते.

सर्वांत महाग पडतो तो पहिला इलेक्ट्रॉन. उदासीन पाण्यात एकट्या रेणूला एकच इलेक्ट्रॉन द्यायचा झाला तर प्रमाण हायड्रोजन अग्राच्या तुलनेत उणे १.९ व्होल्टपर्यंत उतरावे लागते, कारण तो घेताना सरळ रेणूला वाकावे लागते. हेच इलेक्ट्रॉन प्रोटॉनांच्या जोडीने दिले तर कार्बन मोनॉक्साइडसाठी उणे ०.५३ आणि मिथेनसाठी उणे ०.२४ व्होल्ट पुरेत, असे गणित सांगते. म्हणजे मुक्कामाला पोचण्याची किंमत मोठी नाही. मधली वाकलेली, अस्थिर अवस्था अडवून धरते. ही अवस्था कुणी तरी पृष्ठभागावर धरून ठेवली, तर काम भागते. उत्प्रेरकाचे काम तेवढेच आहे. शिवाय पाण्यातल्या हायड्रोजनलाही इलेक्ट्रॉन हवे असतात आणि ते त्याला उणे ०.४१ व्होल्टवर, याच पट्ट्यात मिळतात. त्यामुळे बेसावध उत्प्रेरक कार्बनकडे न वळता नुसता हायड्रोजनच सोडत बसतो.

उत्प्रेरणाची कल्पना १८३५ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियस यांनी मांडली, पण कार्बन डायऑक्साइडच्या संदर्भात पहिले नाव घ्यावे लागते ते फ्रान्सच्या पॉल साबातिए यांचे. त्यांनी आणि सँदराँ यांनी १९०२ मध्ये दाखवले की बारीक निकेलवरून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन तापवून नेले की मिथेन आणि पाणी मिळते. साबातिए यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते सूक्ष्म विभाजित धातूंच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याच्या रीतीबद्दल. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात अंतराळवीरांच्या उच्छ्वासातून पाणी परत मिळवण्यासाठी हीच अभिक्रिया वापरली गेली आहे. साबातिए यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व आजही संशोधकांच्या तोंडी असते. उत्प्रेरकाने रेणूला फार सैल धरले तर अभिक्रिया सुरूच होत नाही, फार घट्ट धरले तर तयार झालेला पदार्थ सुटत नाही आणि जागा अडून राहते. धरण्याचा हा जोर मोजूनमापून बदलता येणे, हा नॅनोउत्प्रेरकांचा सर्वांत मोठा गुण आहे.

नॅनो म्हणजे काय, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. एक सेंटिमीटर बाजूच्या धातूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. तोच घन दहा नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांत विभागला तर धातू तेवढाच राहतो, पृष्ठभाग मात्र सहाशे चौरस मीटर होतो. अभिक्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने आतले अणू फुकट जातात. कण लहान केला की ते बाहेर येतात. धातूंच्या सुबक अणुसमूहांत ही मोजणी अचूक करता येते. १४७ अणूंच्या कणात ९२ अणू बाहेर असतात, ५५ अणूंच्या कणात ४२, आणि १३ अणूंच्या कणात मधला एक सोडून सगळेच. सोने, प्लॅटिनम, इरिडियम यांसारखे धातू ग्रॅमच्या भावाने विकत घ्यावे लागतात, तिथे हा फरक थेट पैशात दिसतो.

पण नुसत्या पृष्ठभागाच्या वाढीने सगळा उलगडा होत नाही. कण लहान झाला की त्याच्या कडा आणि कोपरे वाढतात. तिथल्या अणूंना शेजारी कमी असतात, त्यामुळे ते बाहेरच्या रेणूंना वेगळ्या जोराने धरतात. सोन्याचे उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. दागिन्यातले सोने कशालाही दाद देत नाही म्हणूनच त्याला मोल. पण जपानच्या मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की ऑक्साइडवर बसवलेले काही नॅनोमीटरचे सोन्याचे कण कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण शून्याखालच्या तापमानालाही करतात. आधारभूत ऑक्साइडही इथे स्वस्थ बसत नाही. धातू आणि ऑक्साइड यांच्या सीमेवर, जिथे ऑक्साइडच्या जाळीतला एखादा ऑक्सिजन निघून जागा रिकामी झालेली असते, तिथे कार्बन डायऑक्साइडचा रेणू आपले ऑक्सिजनचे टोक अडकवतो आणि वाकतो.

कण जितका लहान तितका उत्प्रेरक चांगला, हा समज मात्र चुकीचा आहे. विद्युत्-रासायनिक क्षपणात तांब्याचे पाच नॅनोमीटरहून लहान कण फार चपळ असतात, पण त्यांची चपळाई मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड बनवण्यात खर्च होते. हायड्रोकार्बने जवळजवळ बंद होतात. कोपऱ्यांवरचे अणू मधल्या रेणूंना इतके घट्ट धरतात की दोन कार्बन एकमेकांशी जुळायला मोकळे राहत नाहीत. उलट चाळीसेक नॅनोमीटरचे तांब्याचे घनाकृती कण इथिलीनच्या बाजूने झुकतात, कारण घनाच्या सपाट पैलूवर अणूंची मांडणी चौकोनी असते आणि ती दोन कार्बन जोडायला सोयीची पडते. त्रिकोणी मांडणीचे पैलू मिथेनकडे वळतात. धातू एकच, निघणारे पदार्थ निराळे. म्हणून या क्षेत्रातल्या जाणत्या संशोधकाला अभिक्रियेच्या वेगापेक्षा निवडकता जास्त महत्त्वाची वाटते, म्हणजे खर्च केलेल्या इलेक्ट्रॉनांपैकी किंवा कार्बनपैकी किती हिस्सा हव्या त्या पदार्थात गेला. दहा पदार्थांचे मिश्रण बनवणारा वेगवान उत्प्रेरक कारखान्याला परवडत नाही, कारण मिश्रण वेगळे करण्यातच नफा संपतो.

अशा उत्प्रेरकाची घडण कशी होते हे पाहायचे तर मिथेनॉलसाठीचे तांबे आणि झिंक ऑक्साइड यांचे मिश्रण सर्वांत बोलके आहे. तांब्याच्या आणि जस्ताच्या नायट्रेटचे द्रावण आणि सोडियम कार्बोनेटचे द्रावण साठ-सत्तर अंश सेल्सिअसला ढवळत्या भांड्यात एकाच वेळी सोडतात. सामू (pH) सातच्या जरा खाली राखावा लागतो. आधी निळसर, गाळासारखा आकारहीन साका पडतो. तो त्याच द्रावणात ढवळत ठेवला की काही वेळाने त्याचा रंग निळ्यावरून हिरवट निळ्यावर येतो. या वेळी साक्याचे स्फटिक बनत असतात आणि तांब्याच्या मॅलेकाइट या खनिजाच्या जाळीत जस्ताचे अणू शिरून बसतात. हा टप्पा घाईने उरकला तर पुढचे सगळे बिघडते. मग साका वारंवार धुऊन सोडियम काढून टाकायचा, वाळवायचा आणि तीनशे अंशांच्या थोडे वर भाजायचा. हिरवी पूड काळपट होते. तिच्या गोळ्या दाबून अभिक्रियापात्रात भरल्यावर विरळ हायड्रोजन सोडून कॉपर ऑक्साइडचे तांबे करतात. हेही बेताने, कारण या क्रियेत उष्णता निघते आणि ती आवरली नाही तर कण वितळल्यासारखे एकमेकांत मिसळतात. सरतेशेवटी जे मिळते ते सुमारे दहा नॅनोमीटरचे तांब्याचे कण, झिंक ऑक्साइडच्या बारीक कणांनी एकमेकांपासून दूर ठेवलेले. अ‍ॅल्युमिना थोड्या प्रमाणात असतो, रचना टिकावी म्हणून. हा उत्प्रेरक ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९६६ च्या सुमारास कारखान्यात आणला, म्हणजे ‘नॅनो’ हे बिरुद प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी. त्याआधी जर्मनीच्या बीएएसएफने १९२३ पासून वापरलेल्या झिंक-क्रोमियम उत्प्रेरकाला याहून कितीतरी जास्त दाब आणि तापमान लागत असे. नव्या उत्प्रेरकाने दाब ५० ते १०० बारवर आणि तापमान अडीचशे अंशांच्या आसपास आणले.

याच उत्प्रेरकाने एक अनपेक्षित धडाही दिला. कारखान्यात मिथेनॉल बनवायला कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांचे मिश्रण वापरतात, आणि मिथेनॉलमधला कार्बन मोनॉक्साइडमधून येतो असे बराच काळ धरून चालले होते. किरणोत्सारी कार्बनची खूण लावून पाहिल्यावर उघड झाले की तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमधून येतो. म्हणजे आज ज्याला भविष्यातले तंत्रज्ञान म्हटले जाते त्याचे रासायनिक हृदय कित्येक दशके कारखान्यांत चालूच होते. बदलायचा होता तो कच्च्या वायूचा उगम. पुढे डेन्मार्कच्या टोप्सो कंपनीच्या संशोधकांनी २००२ मध्ये वायूच्या संपर्कात ठेवलेल्या कणांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रे घेतली, तेव्हा झिंक ऑक्साइडवरचा तांब्याचा कण भोवतालचा वायू बदलताच आपला आकार बदलतो आणि वायू पूर्ववत केला की पुन्हा आधीच्या आकारावर येतो, असे दिसले. प्रयोगापूर्वी बाटलीतला उत्प्रेरक तपासून काढलेले निष्कर्ष त्यामुळे जपूनच घ्यावे लागतात.

उष्णतेच्या वाटेने कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांपासून मुख्यतः तीन पदार्थ मिळतात. निकेल किंवा रुथेनियमवर मिथेन, लोह वा तांब्यावर चढ्या तापमानाला कार्बन मोनॉक्साइड, आणि तांबे-झिंकवर मिथेनॉल. मिथेनॉलची अभिक्रिया उष्णता सोडणारी असल्याने तापमान वाढवले की वेग वाढतो पण समतोल उलटा सरकतो. अडीचशे अंश आणि ५० बार या परिस्थितीत एका फेरीत साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक कार्बन डायऑक्साइडच रूपांतरित होऊ शकतो. उरलेला वायू वेगळा करून पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. सोबत तयार होणारे पाणीही तांब्याला बाधते. ही अडचण ओळखून झुरिचच्या ईटीएच विद्यापीठात २०१६ मध्ये झिर्कोनियावरचा इंडियम ऑक्साइड पुढे आला. त्याच्या जाळीतल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाच अभिक्रियेचे ठिकाण असतात आणि तांब्यापेक्षा तो जास्त काळ टिकतो. इंडियम दुर्मीळ आहे, हा त्यातला खोडा.

ही वाट कारखान्याच्या प्रमाणावर चालते हे सिद्ध झाले आहे. आइसलँडमधील स्वार्त्सेंगी येथे भूगर्भीय उष्णतेच्या वीजकेंद्रातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वापरणारा प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला. वर्षाला ४,००० टन मिथेनॉलची त्याची क्षमता होती. मिथेनॉलवर आधारित अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करणारे नोबेलविजेते जॉर्ज ओला यांचे नाव त्याला दिलेले आहे. त्याच कार्बन रीसायकलिंग इंटरनॅशनल या कंपनीचे तंत्र वापरून चीनमधील हनान प्रांतातल्या आन्यांग येथे २०२२ मध्ये वर्षाला १,१०,००० टनांचा कारखाना उभा राहिला. तिथला हायड्रोजन कोक भट्टीच्या वायूतून येतो, पाण्याच्या विद्युत अपघटनातून नव्हे. ही तळटीप जाहिरातीत सहसा नसते.

दुसरी वाट विजेची. जपानच्या चिबा विद्यापीठातील योशिओ होरी यांनी १९८५ मध्ये दाखवले की पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या ऋणाग्रावर कार्बन डायऑक्साइडपासून थेट मिथेन आणि इथिलीन निघते, तेही खोलीच्या तापमानाला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी धातूंची जी वर्गवारी केली ती आजही पाठ्यपुस्तकांत आहे. सोने, चांदी आणि जस्त कार्बन मोनॉक्साइड देतात. कथिल, शिसे, इंडियम फॉर्मेट देतात. निकेल, लोह आणि प्लॅटिनम नुसता हायड्रोजन सोडतात. एकटे तांबे कार्बन मोनॉक्साइडला इतपत जोराने धरते की त्याचे पुढे काही तरी घडावे आणि इतपत सैल की पृष्ठभाग अडून बसू नये. या गुणात तांब्याला तोड नाही, आणि त्याचा दोषही इथेच आहे. त्याच्यावर डझनभराहून अधिक पदार्थ एकाच वेळी तयार होतात. नॅनोरचनेवरचे बहुतेक संशोधन हा पसारा आवरण्यासाठीच चालले आहे.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून साध्या भांड्यात विद्युतप्रवाह वाढवता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे वायू एका बाजूने आणि इलेक्ट्रोलाइट दुसऱ्या बाजूने येईल असे सच्छिद्र विद्युत अग्र, ज्याच्या मधल्या थरावर उत्प्रेरकाचे नॅनोकण बसवलेले असतात. टोरांटो विद्यापीठातील एडवर्ड सार्जंट यांच्या गटाने २०१८ मध्ये अशा रचनेत तांब्याच्या पातळ थरावर इथिलीनची निवडकता ७० टक्क्यांपर्यंत नेली. पण तिथे वापरलेले द्रावण तीव्र आम्लारिधर्मी होते, आणि त्यात कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग अभिक्रियेआधीच कार्बोनेट होऊन जातो. उदासीन द्रावण घेतले तरी ऋणाग्रावर तयार होणारे हायड्रॉक्साइड हेच करते. इथिलीनच्या बाबतीत आत सोडलेल्या वायूपैकी जेमतेम पाव हिस्सा कामी येतो. शिवाय कार्बोनेटचे क्षार छिद्रांत साचून वायूची वाट बंद करतात. आम्लधर्मी द्रावणात काम करणारे उत्प्रेरक शोधण्याची सध्याची धडपड यातूनच आली आहे.

तिसरी वाट थेट सूर्यप्रकाशाची. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाशाने पाण्याचे विघटन करून दाखवले. १९७९ मध्ये इनोऊए, फुजिशिमा आणि सहकाऱ्यांनी अर्धवाहकांच्या पुडीवर कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मिक आम्ल, फॉर्माल्डिहाइड आणि मिथेनॉल मिळवले. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र फक्त अतिनील किरण शोषतो आणि जमिनीवर पोचणाऱ्या सौर ऊर्जेत त्यांचा वाटा चार-पाच टक्केच असतो. दृश्य प्रकाश वापरता यावा म्हणून नाना उपाय झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विवेक पोलशेट्टीवार यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘काळे सोने’ हे त्यांतले एक लक्षवेधी काम. तंतुमय नॅनोसिलिकाच्या गोळ्यांवर सोन्याचे कण इतके जवळ जवळ बसवले की त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनांची आंदोलने एकमेकांत गुंतली आणि पिवळे सोने दृश्य व अवरक्त प्रकाश शोषून काळे दिसू लागले. या पदार्थावर सौर प्रकाशात कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन मिळाला. मिळालेले प्रमाण अल्प आहे, पण प्रकाश एकवटून कणांमधल्या फटीत अभिक्रिया घडवण्याची कल्पना त्यातून पक्की झाली.

प्रकाश-उत्प्रेरणावरच्या निष्कर्षांकडे एकूणच जरा संशयाने पाहणे रास्त ठरते. उत्पन्न मायक्रोमोलमध्ये असते, आणि उत्प्रेरक बनवताना वापरलेल्या सेंद्रिय द्रव्यांचे अंश पृष्ठभागावर राहिलेले असतात. प्रकाशात तेच तुटून मिथेन निघू शकतो. खात्रीचा उपाय म्हणजे कार्बन-१३ या समस्थानिकाचा कार्बन डायऑक्साइड वापरायचा आणि निघालेल्या पदार्थात तोच कार्बन आहे का ते पाहायचे. ही चाचणी नसलेला दावा अपुरा मानावा.

कोणत्याही वाटेने गेले तरी उत्प्रेरकाच्या आयुष्याचा प्रश्न सुटत नाही. ज्या लहानपणामुळे नॅनोकण चपळ असतो त्यानेच तो अस्थिरही असतो. तापमान वाढले की कण सरकतात, एकमेकांना भिडतात आणि मोठे होतात. तांब्याच्या बाबतीत तीनशे अंशांपलीकडे ही भीती खरी ठरते. विद्युत अग्रावर तर कण विरघळून दुसऱ्या जागी पुन्हा बसतात, आणि काही तासांत घनाचा गोळा होतो. गंधक हा जुना शत्रू आहे. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड अत्यल्प प्रमाणातही तांबे आणि निकेल यांना कायमचे निकामी करतो. म्हणून धुराड्यातला वायू थेट वापरता येत नाही. राख, गंधक आणि नायट्रोजनची ऑक्साइडे काढून, अमाइनच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषून आणि मग तो तापवून सोडवून घ्यावा लागतो. कारखान्यातला मिथेनॉल उत्प्रेरक वर्षानुवर्षे चालतो. विद्युत्-रासायनिक शोधनिबंधांत शंभर तास टिकणे ही अजून अभिमानाने सांगण्याची गोष्ट आहे.

आता हिशेब. एक टन मिथेनॉलसाठी १.३७ टन कार्बन डायऑक्साइड आणि सुमारे १९० किलो हायड्रोजन लागतो. त्या हायड्रोजनचा तिसरा हिस्सा पुन्हा पाणी होऊन जातो. विद्युत अपघटनाने एक किलो हायड्रोजन मिळवायला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते, म्हणजे टनभर मिथेनॉलमागे जवळपास दहा हजार युनिट. ते मिथेनॉल जाळून परत मिळणारी उष्णता साडेपाच हजार युनिटांएवढी. ही वीज भारताच्या सार्वजनिक ग्रिडवरून घेतली तर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे दीड टनाहून कमी वायू बांधण्यासाठी सात टन सोडायचा. कोळशाच्या विजेवर चालणारा असा प्रकल्प उत्सर्जन वाढवतो, आणि कोणताही नॅनोउत्प्रेरक हे चित्र पालटू शकत नाही. सौर, पवन, जल किंवा भूगर्भीय वीज मुबलक असेल तिथेच हे काम अर्थपूर्ण ठरते.

प्रमाणाचेही भान हवे. जगात वर्षाला सुमारे अकरा कोटी टन मिथेनॉल खपते. ते सगळेच्या सगळे कार्बन डायऑक्साइडपासून बनवले तरी पंधरा कोटी टन वायू वापरला जाईल, म्हणजे वार्षिक उत्सर्जनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे हवामानबदलावरचा उपाय म्हणून या तंत्राची भलामण करणे योग्य नाही. कोळसा न जाळणे हे केव्हाही स्वस्त पडते. कार्बनवाचून ज्यांचे अडते अशा रसायनांचा, आणि जहाजे व विमाने यांच्यासारख्या जड वाहतुकीच्या इंधनांचा स्रोत बदलणे, हे या तंत्राचे खरे काम. एनआरजी-कोसिया कार्बन एक्सप्राइझ या स्पर्धेत २०२१ मध्ये दोन्ही मुख्य पारितोषिके काँक्रीटमध्ये कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या संघांना मिळाली, इंधन बनवणाऱ्यांना नव्हे. काँक्रीटमध्ये कार्बन खनिज होऊन राहतो आणि त्यासाठी हायड्रोजन लागत नाही.

त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीतल्या दहा संघांत बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातून पुढे आलेला, सेबास्टियन पीटर यांचा ‘ब्रीद’ हा संघ होता आणि त्याचे उद्दिष्ट मिथेनॉल हेच होते. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०२२ मध्ये कार्बन पकडण्याच्या आणि वापरण्याच्या संशोधनासाठी दोन राष्ट्रीय केंद्रे मंजूर केली, एक याच बंगळूरच्या संस्थेत आणि दुसरे मुंबईच्या आयआयटीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर उत्प्रेरणाची परंपराच जुनी आहे. प्रत्यक्ष जमिनीवरचा प्रयोग मध्य प्रदेशातल्या विंध्याचल येथे एनटीपीसीने केला आहे. तिथे कोळशाच्या धुरातून रोज २० टन कार्बन डायऑक्साइड पकडून १० टन मिथेनॉल बनवण्याचा प्रकल्प आहे. ज्या वीजकेंद्राच्या आवारात तो उभा आहे त्याची क्षमता ४,७६० मेगावॉट आहे, आणि ते पूर्ण भाराने चालले तर एका दिवसात सुमारे एक लाख टन कार्बन डायऑक्साइड धुराड्यांतून बाहेर पडतो.